नळातले काका कुणाचे?

(पत्र थोडं आटोपशीर करून इथे देत आहे. लेकीचं नाव पत्रात होतं, ते मुद्दाम गाळलं आहे. का, ते पुढे येईलच.)

'ताई, मी ३८ वर्षांची आहे, सहकारनगरला राहते. पूर्वी दिवाळी अंकांत कथा लिहायचे. लेक झाली आणि लिहिणं थांबलं. ती आता साडेचार वर्षांची आहे. गेल्या वर्षभरात तिच्या बोलण्यामुळे मला पुन्हा लिहावंसं वाटू लागलं. आमच्या स्वयंपाकघरात कॉर्पोरेशनचं थेट पाणी सकाळी साडेसहाला येतं. पाणी यायच्या आधी नळ खर्र-खर्र करतो. लेकीच्या मते नळात खाकरेकाका राहतात, ते घसा साफ करतात आणि मग पाणी सोडतात. गुरुवारी पाणी बंद असतं तेव्हा काका गावाला गेलेले असतात. शुक्रवारी धार बारीक असते, कारण काका दमून आलेले असतात! मी हे सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करायला लागले. त्यावर एक कथा लिहून एका संपादकांना पाठवली. "गोड आहे, पण कथा झालेली नाही" असं उत्तर आलं. तेही सोसलं असतं. पण आता लेक काही बोलली की लगेच विचारते, "आई, घेतलंस का?" मोबाइल समोर नसेल तर खाकरेकाकांचं नावही काढत नाही. सासूबाई मूळच्या नारायण पेठेतल्या, सत्तरी ओलांडलेल्या. त्या म्हणतात, "पोरीच्या तोंडचं काढून विकतेस होय?" शिवाय नळाशी बोलणारं मूल त्यांना ठीक वाटत नाही. नवरा नोकरीमुळे सोमवार ते शुक्रवार मुंबईला असतो, त्यामुळे बोलायला दुसरं कुणी नाही. मी खरंच चोरी करतेय का? आणि मुलांची कल्पनाशक्ती एवढी अफाट असते, तर माझी कुठे गेली?'

— एक आई, सहकारनगर

प्रिय मैत्रिणी,

'शुक्रवारी काका दमून आलेले असतात' या वाक्यापाशी मी थांबले. पुण्यात राहणाऱ्या प्रत्येकाला ती नोटीस पाठ आहे: देखभाल-दुरुस्तीच्या कामामुळे गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल. आपण ती वाचतो, पिंप आणि कळश्या भरून ठेवतो आणि विसरतो. तुमच्या लेकीला अजून वाचता येत नाही. तिनं ती नोटीस नळाकडूनच ऐकली. पाण्याआधी आवाज येतो, गुरुवारी आवाजही नाही आणि पाणीही नाही, शुक्रवारी धार बारीक. या तीन गोष्टी तिनं आपल्या आपण हेरल्या आणि तिन्हींना पुरेल असं एक कारण शोधून काढलं. कारण चुकलंय, पण बघण्यात तिची कुठेही चूक नाही.

तुम्ही कथाही सोबत पाठवलीत, ती मी दोनदा वाचली. संपादकांचं म्हणणं मला पटलं, हे आधी सांगून टाकते. कथेत लेक बोलते आणि आई हसते, लेक पुन्हा बोलते आणि आई तिला कुशीत घेते, शेवटी आई स्वतःच नळाला 'काका, झोपा आता' म्हणते. त्यातला गोडवा सगळा आईचा आहे. लेकीच्या डोक्यात त्या वेळी गोड असं काहीच चाललेलं नाही. ती पूर्ण गंभीर आहे. तिला एका गोष्टीचा उलगडा होत नव्हता, म्हणून तिनं एक माणूस उभा केला. तुम्ही तो माणूस उचललात आणि ज्या प्रश्नासाठी तो आला होता तो प्रश्न मागेच राहिला.

तो प्रश्न काय असेल? इथे जरा जपून बोलते, कारण मी तुमच्या घरी आलेले नाही आणि मी मानसतज्ज्ञही नाही. पण तुमच्या पत्राच्या शेवटाकडे एक वाक्य आहे. नवरा सोमवार ते शुक्रवार मुंबईला असतो. म्हणजे तुमच्या घरी दर आठवड्याला एक माणूस गावाला जातो आणि शुक्रवारी रात्री दमून येतो. तुमच्या कथेत बाबा कुठेच नाहीत. मोबाइलमधल्या रेकॉर्डिंगवर तारखा असतील, त्या एकदा काढून बघा. खाकरेकाका कोणत्या वारी सगळ्यात जास्त बोलले, कोणत्या वारी रुसले, कोणत्या वारी नुसतेच आले. कदाचित माझा तर्क साफ चुकीचा ठरेल. काही बिघडणार नाही. पण या नजरेनं एकदा बघितलंत की तुमच्या हाती गोड वाक्यांची वही राहणार नाही. रोज न सांगता जे येतं ते एक दिवस का येत नाही, हे विचारणारी एक मुलगी तुमच्यासमोर असेल. कथा तिच्यापाशी आहे.

हे मी शहाणपणानं शिकले नाही, चुकून शिकले. माझा नातू, मुलीचा मुलगा, तेव्हा पाच वर्षांचा होता. दिवाळीत सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात आम्ही किल्ला केला. विटांचा उतार रचला, त्यावर भिजवलेलं गोणपाट टाकलं, चाळलेली माती लिंपली, आठवडाभर आधीपासून अळीव पेरून हिरवळ आणली. मावळे कुंभारवाड्यातून आणले, महाराज सिंहासनावर बसवले. सोसायटीत किल्ल्यांची स्पर्धा होती. परीक्षक यायच्या थोडा वेळ आधी मी खाली गेले तर बुरुजाच्या खाली एक लाल बस उभी. खेळण्यातली, एक चाक नसलेली. 'अरे, शिवाजी महाराजांच्या काळात बस होती का?' असं म्हणून मी ती उचलली आणि पर्समध्ये टाकली. तो काही बोलला नाही. रडला असता तर मला लवकर कळलं असतं.

परीक्षक येऊन गेले, नंबर आला, पेढे वाटले. रात्री पणत्या विझवायला गेले तर बुरुजाखाली आगपेटीची रिकामी डबी होती, तिला पेननं खिडक्या काढलेल्या. या वेळी मी 'का?' असं विचारलं नाही. खाली बसले आणि म्हटलं, 'ही कितीची?' तो म्हणाला, 'शेवटची. पण ही चुकत नाही.' मग त्यानंच सांगितलं. त्याच आठवड्यात मी त्याला हिरकणीची गोष्ट सांगितली होती: रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, संध्याकाळी बंद झालेले गडाचे दरवाजे, घरी तान्हं बाळ आणि रात्री कडा उतरून गेलेली आई. मी ती शौर्याची म्हणून सांगितली. त्यानं ती बाळाच्या बाजूनं ऐकली. माझी मुलगी त्या काळात हिंजवडीहून येताना रोज अडकायची, नऊ-नऊ वाजायचे. त्यानं हिरकणीची सोय करून ठेवली होती आणि मी इतिहासाच्या नावाखाली ती सोय काढून घेतली होती.

पर्समधली बस मी त्याला परत दिली. त्यानं ती घेतली आणि आगपेटीच्या मागे लावली. आता दोन बस झाल्या. त्याला त्यात फार समाधान दिसलं.

पुढे त्या रात्रीतून मी मुलांच्या नाटकातला एक प्रवेश लिहिला. त्यात किल्ला नाही, हिरकणी नाही, बसही नाही. त्यात एक मुलगा घरातल्या सगळ्या घड्याळांचे काटे मागे करत फिरतो, म्हणजे आईला उशीर होणारच नाही. नातवानं मला घड्याळं दिली नव्हती. त्यानं दिली ती काळजी, आणि तिच्याबद्दल काहीतरी करता येतं हा त्याचा विश्वास. घड्याळांचं मला सुचलं, कारण माझ्या वडिलांचं पगाराच्या दिवसाआधी घड्याळ बंद पडायचं आणि ते किल्ली देताना खूप गप्प असायचे. तो प्रवेश बसवताना मला पुण्यातल्या ग्रिप्स नाटकांचा आधार वाटला. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची ही पद्धत डॉ. मोहन आगाशे यांनी १९८६ साली थिएटर अकॅडमीतर्फे इथे आणली. तिथे मोठी माणसं मुलांच्या भूमिका करतात आणि पऱ्या-राक्षसांऐवजी मुलांच्या रोजच्या जगण्यातले पेच रंगमंचावर येतात. मोठा नट लहान मुलगा होतो तेव्हा बोबडं बोलत नाही, लाडिक होत नाही, त्या मुलाइतकाच गंभीर राहतो. लिहिताना मी तेवढं एक पथ्य पाळते. तुम्हीही पाळून बघा. तुमच्या कथेतून 'इवलेसे', 'टपोरे', 'चिमुकले' हे शब्द आधी काढा. मी मोजले, सतरा आहेत.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण तो मला जास्त दुखरा वाटला. तुमची कल्पनाशक्ती कुठे गेली? कुठेच गेलेली नाही. मुलांकडे ती अफाट असते आणि वय वाढलं की आटते, ही समजूत आपण फार प्रेमानं जपतो. लेव्ह विगॉट्स्की या रशियन मानसतज्ज्ञानं १९३० साली याच्या नेमकं उलट मांडलं होतं. कल्पनाशक्ती अनुभवातून सामान उचलते. ज्याच्याकडे अनुभव जास्त, त्याच्याकडे जुळवायला तुकडे जास्त. त्यामुळे मुलाची कल्पनाशक्ती मोठ्यांपेक्षा गरीबच असते. फरक एवढाच की मूल आपल्या कल्पनेवर जास्त भरवसा ठेवतं आणि तिच्यावर लगाम कमी ठेवतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मुलांचा अपमान झाल्यासारखं वाटलं होतं. आता वाटतं की कामाच्या ओझ्यानं वाकलेल्या आयांना यासारखा दिलासा नाही. तुमच्या लेकीकडे साडेचार वर्षांचं सामान आहे आणि तुमच्याकडे अडतीस वर्षांचं. तिच्याकडून घ्यायचा तो भरवसा. सामान आपलंच काढावं लागतं.

म्हणजे कसं, ते तुमच्याच नळावर दाखवते.

तुमच्या स्वयंपाकघरातला नळ खाकरतो, कारण पाणी बंद असताना पाइपात हवा शिरते आणि पाणी येताना ते आधी ती हवा बाहेर ढकलतं. हे तुम्हाला माहीत आहे, लेकीला नाही. पण याच शहरात अठराव्या शतकाच्या मध्यात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं गेलं. वाटेत पेठापेठांतून हौद बांधले. पुणेकर त्या अख्ख्या भुयाराला आजही 'कात्रजचा नळ' म्हणतात. आणि त्या नळातली हवा बाहेर पडावी म्हणून जागोजागी जे झरोके वर काढले, त्यांना नाव आहे उच्छ्वास. बघा आता. ज्यांनी दगड रचून ही नळवाट बांधली त्यांनाही पाणी श्वास घेतं असंच वाटलं असणार, नाहीतर हा शब्द आला नसता. तुमच्या लेकीनं तीच कल्पना अडीचशेहून जास्त वर्षांनी स्वयंपाकघरात पुन्हा शोधली. तिला उच्छ्वास माहीत नाही आणि त्या कारागिरांना तुमची लेक माहीत नव्हती. त्या दोघांच्या मधे उभं राहून दोन्हीकडे बघू शकणारी तुम्ही एकटी आहात. हे काम लेकीला जमणार नाही, कितीही रेकॉर्ड केलंत तरी.

हेच लिहा असं मी म्हणत नाही. तुमचं सामान वेगळं असेल. लहानपणी तुमच्या वाड्यात किंवा चाळीत एकच नळ असेल आणि कळशांची रांग असेल, पाण्यावरून झालेलं एखादं भांडण असेल, पहाटे उठून पाणी भरणारी आणि त्याबद्दल कधीच न बोललेली आई असेल. खाकरेकाकांना तिथे नेऊन सोडा आणि काय होतं बघा.

लेकीच्या सामानातही भर पडू द्या. त्यासाठी 'क्रिएटिव्हिटी' शिकवणाऱ्या वर्गांत घालायची काही गरज नाही; मी असे बरेच वर्ग पाहिलेत, बहुतेक ठिकाणी वीस मुलं एकच घुबड रंगवत असतात. त्यापेक्षा एका रविवारी बाबांसकट तिला खडकवासल्याला घेऊन जा. काकांचं गाव दाखवायला. पुण्याचं बहुतेक पाणी येतं ते खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांतून. तिथे पाण्याचा एवढा मोठा पसारा बघून ती काय म्हणते ते ऐका. भिंतीवर बसून कणीस खा. काही विचारू नका.

न विचारणं हे सगळ्यात अवघड आहे, म्हणून मोबाइलबद्दल इथेच बोलून घेते. 'आई, घेतलंस का?' हे वाचून मला वाईट वाटलं, तुम्हालाही वाटलंच असणार, म्हणून तर पत्र लिहिलंत. मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली अमेरिकेतल्या एका बालवाडीत एक प्रयोग केला होता. चित्रं काढायची ज्यांना मुळातच आवड होती अशी मुलं निवडली. त्यांतल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर छान प्रशस्तिपत्र मिळेल. त्यांनी काढलं, त्यांना मिळालं. पुढे काही दिवसांनी मोकळ्या वेळात हीच मुलं रंगीत पेनांकडे कमी वळली. ज्यांना बक्षीस कबूल केलेलं नव्हतं त्यांची आवड टिकून होती. तुमचा मोबाइल म्हणजे ते प्रशस्तिपत्र. तो वर आला की लेकीला कळतं, आपण काहीतरी भारी बोललो. मग ती काका काय करतात ते बघायचं सोडून आईला काय आवडेल ते बघते. त्यातून गोड वाक्यं येत राहतील. खरी येणार नाहीत.

तेव्हा रेकॉर्डिंग थांबवा. आधीचं पुसू नका, ते तिच्यासाठी ठेवा, मोठी झाली की तिला ऐकायला आवडेल. ती अजून काही आठवडे विचारत राहील, 'घेतलंस का?' सांगा, 'नाही, मी नुसती ऐकतेय.' आधी तिला हे पटणार नाही. ती गप्प होईल, कदाचित काका महिनाभर येणारच नाहीत. येऊ नयेत असं तिला वाटलं तर तोही तिचाच अधिकार आहे.

रात्री ती झोपल्यावर वहीत लिहा, पण वाक्य एकटं लिहू नका. ती बोलली त्याच्या आधी काय झालं होतं? तिच्या हातात काय होतं? कुणाचा फोन येऊन गेला होता? बोलून झाल्यावर ती कुठे गेली? माझ्या जुन्या वह्यांत मुलांची शेकडो वाक्यं आहेत आणि त्यांतली बहुतेक आज मेलेली आहेत, कारण आजूबाजूचं काहीच मी लिहून ठेवलं नाही. जिथे 'दुपारी, शेंगा सोलताना, आजोबांना दवाखान्यात नेल्यावर' एवढं जरी लिहिलंय, तिथे अजून धग आहे. आठवणीतून लिहिताना थोडं विसरायला होतं, शब्द इकडचे तिकडे होतात. होऊ द्या. जे विसरलं त्याची कथेला सहसा गरज नसते.

आणि खेळायला बसा. खेळ बघायला नाही. मी नातवंडांबरोबर बसते तेव्हा एकच प्रश्न विचारते: 'मी कोण?' ते सांगतील ते व्हायचं. एकदा मी अख्खी दुपार दाराची कडी होते. कडीला बोलता येत नाही, एवढाच नियम होता आणि तो मोडला की मला ओरडा बसत होता. त्या दुपारी मला जाणवलं की मुलांच्या खेळात काहीही चालतं हे खोटं आहे. तिथले नियम फार कडक असतात, फक्त ते आपण केलेले नसतात. लेखनात मला हेच हवं असतं आणि मोठ्यांच्या जगात ते सहज सापडत नाही: एक अशक्य गोष्ट खरी मानायची आणि मग बाकी सगळं अगदी काटेकोर ठेवायचं. काका नळात राहतात, ठीक. मग ते अंगानं केवढे? गुरुवारी गावाला कोणत्या वाटेनं जातात? शेजारच्या ब्लॉकमधल्या नळात तेच असतात की दुसरे? तुमच्या कथेत काका एकदा फ्रिजवरही बसलेले दिसतात. लेकीला वाचून दाखवलीत तर ती लगेच पकडेल.

वाचून दाखवा, नक्की. चोरीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर तेच आहे. तिच्यापासून लपवून लिहावं लागत असेल तर काहीतरी चुकतंय. तिला सांगा की काकांवरून एक गोष्ट सुचलीय, चालेल का? साडेचार वर्षांच्या मुलीला छापणं म्हणजे काय हे कळत नाही, तिचा होकार पुरता होकार नाही, हेही मनात ठेवा. पण तिनं 'नको' म्हटलं तर तो मात्र पुरता नकार धरा. ती घाबरून, लाजून, तापात किंवा भांडणानंतर जे बोलली ते वहीतसुद्धा लिहू नका असं माझं मत आहे. आणि तिचं नाव कुठेही घालू नका. इंग्रज लेखक ए. ए. मिल्न यांनी १९२६ साली आपल्या मुलाला, ख्रिस्तोफर रॉबिनला, त्याच्याच नावानं आणि त्याच्याच खेळण्यातल्या अस्वलासकट पुस्तकात आणलं. जगभरच्या मुलांना ते आवडलं. त्या मुलाला मात्र शाळेत त्यावरून चिडवलं गेलं, आणि मोठेपणी १९७४ साली लिहिलेल्या आठवणींत त्यानं त्या प्रसिद्धीबद्दलची कटुता उघड मांडली. वडिलांचं प्रेम खोटं नव्हतं. तरी त्याचं नाव त्याचं राहिलं नाही. तुम्ही पत्रात लेकीचं नाव आणि शाळाही लिहिली होती, ते सगळं मी गाळलं ते यासाठी.

तुमच्या नवऱ्यालाही आधी सांगा. शुक्रवारची माझी शंका बरोबर निघाली तर ही कथा त्यांचीही होते. छापायची की नाही हे पुढचं. आधी त्यांनी ती ऐकायला हवी.

सासूबाईंची एक काळजी अगदी थोडक्यात दूर करता येईल. मनातले सोबती असणं लहान मुलांत अगदी सर्रास आढळतं. अमेरिकेतल्या मानसतज्ज्ञ मार्जोरी टेलर यांनी अशा मुलांचा बरीच वर्षं अभ्यास केला आणि त्यांना दिसलं की आपला हा सोबती खरा नाही, हे बहुतेक मुलांना पक्कं ठाऊक असतं. तेव्हा लेकीनं उद्या सरळ विचारलं, 'आई, काका खरे आहेत?' तर खोटं बोलू नका. पाइपातल्या हवेबद्दल सांगा, फुंकणीतून फुंकून दाखवा. तिचा हिरमोड होईल या भीतीनं आपण गप्प बसतो, पण मुलं दोन्ही गोष्टी सहज शेजारी ठेवतात. काका हवा पिऊन खोकतात, असं काहीतरी ती सांगेल आणि तुमचं भौतिकशास्त्र आपल्या पदरात पाडून घेईल. बोलणं कमी होणं, इतर मुलांपासून सतत दूर राहणं, झोपेत रोज दचकणं असं काही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तुमच्या पत्रात तसं काहीच नाही.

'विकतेस होय' हा त्यांचा शब्द मात्र मला नुसता टोमणा वाटला नाही. त्यांना नातीचं काहीतरी घरातून बाहेर जाताना दिसतंय. आणि मला एक गोष्ट सारखी वाटतेय. तुम्ही लिहिलंत त्या नारायण पेठेतल्या, सत्तरी ओलांडलेल्या. म्हणजे १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, खडकवासलाही गेलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, तेव्हा त्या सात-आठ वर्षांच्या असतील. लकडी पूल पाण्याखाली गेला होता, माणसं पर्वतीकडे धावत होती. आणि एवढं पाणी येऊन गेल्यावर शहराचे नळ मात्र कोरडे पडले, लोक विहिरींवर आणि त्याच जुन्या हौदांवर जायला लागले. सगळीकडे चिखल आणि प्यायला थेंब नाही, हे त्या वयाच्या मुलीनं स्वतःला कसं समजावलं असेल? नळाकडे बघून तिनंही कुणाला तरी उभं केलं असेल का? हे त्यांना कुणी विचारलं नसण्याचीच शक्यता जास्त, कारण पूर ओसरल्यावर घरातली मोठी माणसं भांडी आणि भिंती धूत होती.

येत्या गुरुवारी पाणी नसेल. भांडी साठतील, घरात जरा शांत असेल. चहा घेऊन त्यांच्याशेजारी बसा, लेकीलाही जवळ घ्या, आणि तुम्ही काहीच विचारू नका. लेकीला विचारू द्या: 'आजी, तुमच्या नळात कोण होतं?'